सहावा बोल्ट

त्यांना तोंडावर सगळे ‘मास्तर’ म्हणायचे आणि पाठ फिरली की ‘तीनदा’. कारण अगदी साधं. मास्तर गॅरेजला कुलूप लावायचे, चार पावलं जायचे, परत येऊन कुलूप ओढून बघायचे, गल्लीच्या तोंडापर्यंत पोचायचे आणि तिथून पुन्हा मागे फिरायचे. घरी गॅसचं बटण तीनदा, नळ तीनदा, खिशातली किल्ली तीनदा. गाडीच्या नटाचं तर विचारूच नका. शेजारचा बॅटरीवाला म्हणायचा, “मास्तर, तुमचं कुलूप चोर नाही तोडणार, तुम्हीच ओढून ओढून तोडाल एक दिवस.” मास्तर हसायचे आणि जाता जाता आणखी एकदा ओढायचे.

माणूस जन्माचा भित्रा, उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. शाळेत उत्तर येत असूनही कधी हात वर केला नाही. पाण्याची भीती म्हणून पोहायला शिकले नाहीत, उंचीची भीती म्हणून गच्चीच्या कठड्याजवळ कधी गेले नाहीत. बायकोला होकार द्यायला सात महिने घेतले आणि तोही चिठ्ठीतून, कारण समोर उभं राहून बोलायची छाती नव्हती. आणि अशा माणसाच्या हाती काम काय आलं? तर भरधाव गाड्यांचं सस्पेन्शन! चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये जे काही असतं, स्प्रिंगा, शॉकअप, आर्म, रबरी बुश, ते सगळं त्यांचं राज्य. इंजिनाला ते हात लावायचे नाहीत. “इंजिन बिघडलं तर गाडी थांबते. माझं काही सुटलं तर गाडी थांबत नाही,” असं म्हणायचे, आणि म्हणताना त्यांचा चेहरा खरंच उतरायचा.

पण गंमत बघा, दुकान चालत होतं ते या भीतीवरच. जॅकच्या शेजारी लोखंडी घोडी, घोडीच्या शेजारी लाकडी ठोकळा, ठोकळ्याशेजारी काढलेलं चाक आडवं, एवढं झाल्याशिवाय त्यांचं डोकं गाडीखाली जायचं नाही. हाताखाली माणूस कधी ठेवला नाही. दुसऱ्यानं आवळलेल्या नटावर आपल्याला झोप येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नट पुरता आवळला की त्यावरून बोल्टवर जाईल अशी पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढायचे. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. ती रेघ ते तीनदा बघायचे. लांबलांबून लोक गाड्या घेऊन यायचे ते या पिवळ्या रेघेसाठी.

दातांच्या डॉक्टरबाई त्यांच्याकडे अकरा वर्षं येत होत्या. बाईंची गाडी म्हणजे गडद हिरवी, दोन सीटची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार. लोक असली गाडी झाकून ठेवतात आणि रविवारी पुसतात. या बाई तीच गाडी रोज वापरायच्या. घर घाटाच्या अलीकडे, दवाखाना पलीकडे आणि लेकीची शाळाही पलीकडेच. रोज सकाळी सातला लेक शेजारच्या सीटवर, दप्तर तिच्या पायाशी, आणि एकेचाळीस वळणं चढून-उतरून पलीकडच्या गावात. संध्याकाळी तसंच परत. बाईंना त्या रस्त्याची भीती म्हणून वाटत नसे. उलट दिवसातला तेवढाच वेळ आपला स्वतःचा, असं त्या म्हणायच्या.

“मास्तर, गाडी वळणावर कलते हो,” त्या तीन महिने मागे लागल्या होत्या. “आतून असं वाटतं की वरचं धड बाहेर चाललंय आणि चाकं आत. मला ती रस्त्याला धरून वळायला हवी.”

“आहे ती बरी आहे, डॉक्टर.”

“बरी आहे म्हणजे काय? दाताला बरा आहे म्हणून मी सोडून देते का?”

“गाडी धरायला लागली की माणूस वेग वाढवतो,” मास्तर म्हणाले. “आज पन्नासनं घेता ते वळण उद्या सत्तरनं घ्याल. मग मी काय करू?”

“मग ब्रेक तरी का दुरुस्त करता? ते चांगले असले तरी माणूस वेग वाढवतोच की!”

शेवटी मास्तरांनी काम घेतलं, पण आपल्या अटींवर. शर्यतीच्या गाडीसारखं कडक काही करणार नाही. लेकीची पाठ दुखता कामा नये, रस्त्यातले गतिरोधक गाडीच्या पोटाला लागता कामा नयेत. जरा कडक स्प्रिंगा, गाडी अंगठाभरच खाली, शॉकअपची कळ चौदा घरांपैकी पाचव्या घरावर, आणि दोन्ही चाकांना जोडणारा पुढचा बार थोडा जाड, म्हणजे गाडी वळणावर कलणार नाही. बाई सगळ्याला हो म्हणाल्या. मग मास्तरांनी खाली बघत विचारलं, “तुमचं वजन किती? आणि लेकीचं, दप्तरासकट?”

हे ते सगळ्यांनाच विचारायचे आणि दर वेळी लाजायचे. कारण असं होतं की चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या आर्मच्या टोकाला रबरी बुश असतो आणि त्याचा बोल्ट गाडी हवेत लटकत असताना आवळला, तर गाडी खाली टेकताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि वर्षभरात ते फाटतं. म्हणून असे सहा बोल्ट आधी नुसते हातानं लावून ठेवायचे. गाडी गॅरेजच्या जमिनीतल्या खड्ड्यावर चारी चाकांवर उभी करायची, रोज तिच्यात जेवढं वजन बसतं तेवढं सीटवर ठेवायचं, आणि मग खड्ड्यात उतरून एकेक बोल्ट पुरता आवळायचा. मास्तरांनी वाळूच्या दोन पिशव्या भरल्या. मोठी पिशवी बाईंच्या सीटवर, लहान पिशवी लेकीच्या.

आता त्या आठवड्यात घरी काय चाललं होतं तेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मास्तरांच्या बायकोच्या, म्हणजे मास्तरीणबाईंच्या, मानेत गाठ आली होती. तुकडा तपासायला गेला होता आणि रिपोर्टची वाट बघण्यात नऊ दिवस गेले होते. त्या नऊ दिवसांत मास्तरांच्या गळ्याखाली धड घास उतरला नाही. ती मात्र रोजच्यासारखी शाळेच्या कचेरीत टायपिंगला जात होती आणि वर नवऱ्यालाच धीर देत होती. “गाठ मला आलीय आणि वजन तुमचं उतरतंय,” असं म्हणायची.

तर त्या दुपारी मास्तर खड्ड्यात होते. पहिला बोल्ट आवळला, रेघ ओढली. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. सहावा, पुढच्या डाव्या चाकामागचा, अडचणीत होता. नव्या जाड बारमुळे तिथे पाना पोचत नव्हता. त्यासाठी पान्याला लावायचा हातभर लांबीचा नवा जोड त्यांनी मुद्दाम आणून ठेवला होता. तो घ्यायला हात लांबवला आणि फोन वाजला.

“अहो,” बायको म्हणाली, “साधी निघाली. साधी गाठ आहे. काही नाही.”

मास्तर खड्ड्यातच मटकन बसले. रडले, हसले, पुन्हा रडले. मग वर येऊन बॅटरीवाल्याला मिठी मारली. त्यानं चहा मागवला. चहावर चहा झाला. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाच्या पोटात गोळा नव्हता! अंग इतकं हलकं वाटत होतं की आपण कुठे उभे आहोत याचं त्यांना भान नव्हतं. अर्ध्या-पाऊण तासानं खड्ड्यात परत उतरले तर रंगाची डबी उघडीच. रंग वाळायला लागलेला. वाळून फुकट जाऊ नये म्हणून त्यांनी ब्रश उचलला. पाच बोल्टांवर रेघ होती, सहाव्यावर नव्हती. हात आपोआप पुढे गेला आणि सहाव्यावर रेघ ओढून मोकळा झाला. पाना त्या बोल्टाला लागलाच नव्हता. नंतर नेहमीप्रमाणे त्यांनी तपासलं, तीनदाच तपासलं, पण तपासली ती रेघ. रेघ तर होतीच.

संध्याकाळी डॉक्टरबाई आल्या. मास्तरांनी किल्ली दिली आणि, काय बुद्धी झाली कोण जाणे, हसत म्हणाले, “नवीन माल आहे. पहिले दोन दिवस थोडा खडखडेल. आवाज आला तर घाबरू नका.”

बाई चकित झाल्या. “मास्तर, तुम्ही मला घाबरू नका म्हणताय?”

“हो, म्हणतोय!” मास्तर म्हणाले, आणि शीळ घालत गॅरेज बंद करायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात-दहाला ते झाडू घेऊन खड्ड्यात उतरले. झाडता झाडता फळीवरचं एक लांबट पाकीट खाली पडलं. खाकी कागद, वर चिकटपट्टी. न फोडलेलं. मास्तरांनी ते उचललं आणि चिकटपट्टीवरून तीनदा अंगठा फिरवून बघितला. नवा जोड पाकिटातच होता. जोड पाकिटात म्हणजे सहावा बोल्ट आवळलेला नाही. दुसरी वाटच नाही. त्या कोपऱ्यात दुसरं काही पोचतच नाही.

नट हातानं लावलेला. दोन बोटांनी फिरवून. गाडी काल संध्याकाळी गावातून सरळ रस्त्यानं घरी गेली, तेवढ्यात नाही सुटणार. पण घाटात? एकेचाळीस वळणं, दर वळणाला सगळा भार बाहेरच्या चाकावर. नट सुटेल, मग बोल्ट सरकत सरकत बाहेर येईल, आणि तो निघाला की चाक आडवं. आणि चढताना डावं चाक दरीच्या बाजूला.

त्यांनी फोन लावला. वाजत राहिला. बाई गाडी चालवताना फोन पिशवीत ठेवायच्या, ही अक्कल त्यांना मास्तरांनीच शिकवली होती. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. तेव्हा मास्तरांनी पिशवीत पाना, पाकीट, मूठभर नट आणि छोटा जॅक कोंबला आणि घराकडे धावत सुटले. गॅरेज सताड उघडं. बॅटरीवाला मागून ओरडत होता, “अहो मास्तर, कुलूप! कुलूप!” त्यांना ऐकूसुद्धा आलं नाही.

बायको कचेरीला निघायच्या बेतात होती. स्कूटर तिची होती, चालवायचीही तीच. मास्तर दुचाकी चालवत नसत, हे सांगायला नकोच. “बोल्ट,” मास्तर म्हणाले. “डॉक्टर. लेक. घाट.” तिनं एकदा त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि स्कूटर सुरू केली.

घाटात मास्तर जन्मभर दोनदा गेले असतील, तेही डोळे मिटून. आज मिटता येत नव्हते. मांडीवर जॅक, एका हातात फोन, दुसऱ्या हातात बायकोचा खांदा, आणि दर वळणाला मान लांब करून कठड्याखाली बघायचं. हिरवं काही दिसलं की खांद्यावरची पकड घट्ट व्हायची. आणि घाटात हिरवं काय थोडं असतं? झाडं हिरवी, शेवाळ हिरवं, एका ठिकाणी कुणीतरी टाकलेली फाटकी ताडपत्री हिरवी. तिथे तर त्यांनी बायकोला थांबायलाच लावलं. उतरून, कठड्याला दोन्ही हातांनी धरून, खाली नीट बघितलं. परत बसताना तिला हात द्यावा लागला.

“फोन लावत राहा,” ती म्हणाली.

“लावतोय.”

“आणि खांदा जरा सैल सोडा, हाड मोडेल माझं.”

बाराव्या वळणाशी रस्त्याच्या कामावरचा माणूस लाल झेंडी घेऊन उभा होता. मास्तर ओरडले, “हिरवी गाडी? बुटकी? बाई चालवत होत्या?”

“गेली की मघाशी!” तो खुशीत म्हणाला. “काय वळवली हो बाईनं! असं वाटलं रुळावर चाललीय. आत पोरगी हसत होती.”

गाडी छान धरत होती. त्यांनीच तशी केली होती. कालपरवाची कलणारी गाडी असती तर बाईंनी वळणाला पाय काढला असता. आता त्या काढणार नाहीत. आणि खडखड झाली तरी काढणार नाहीत, कारण मास्तर हसत हसत सांगून बसले होते, घाबरू नका. सगळ्या जन्मात एकदा कुणाला असं सांगितलं, आणि नेमकं काय सांगितलं! स्कूटरवर मागे बसल्या बसल्या त्यांनी स्वतःच्या कपाळावर फोन धरलेली मूठ मारून घेतली.

तेहेतिसाव्या वळणावर गर्दी होती. चार-पाच गाड्या वेड्यावाकड्या उभ्या आणि माणसं कठड्याला ओणवी होऊन खाली बघत होती. एकजण खाली बोट दाखवून काहीतरी सांगत होता. बायकोनं स्कूटर थांबवली. मास्तर उतरले नाहीत. त्यांना उतरताच येईना. “तू बघ,” ते म्हणाले. “मला नाही बघवायचं. तू बघून ये.” ती गेली. माणसांच्या मधून वाट काढून तिनं खाली बघितलं, तेवढ्या वेळात मास्तरांनी त्या पोरीचं दप्तर पाहिलं, तिची वेणी पाहिली, आणि सगळं असं पाहिलं की इथे लिहिण्यात अर्थ नाही.

“टेम्पोची स्टेपनी सुटून गेलीय खाली,” बायको परत येऊन म्हणाली. “नुसतं चाक. माणूस कुणी नाही. अहो, ऐकताय का? माणूस कुणी नाही.”

ते तिच्या पाठीवर डोकं टेकून रडायला लागले. तिनं तशीच स्कूटर सोडली.

दवाखान्यासमोर, चिंचोळ्या रस्त्याच्या कडेला, हिरवी गाडी उभी होती. चारी चाकांवर, नीट, सरळ. लेक शाळेत पोचली असणार. मास्तर धावत गेले, जॅकनं डावी बाजू उचलली, पडलेल्या दोन विटा चाकाखाली सारल्या, म्हणजे वजन चाकावरच राहिलं आणि खाली शिरायला जागा झाली. अंगाखाली काहीही न घेता ते रस्त्यावर पाठ टेकून आत गेले. ना घोडी, ना ठोकळा.

नट नव्हता. बोल्ट बाहेर सरकला होता आणि आर्मच्या भोकात त्याचं टोक तेवढं अडकलं होतं, करंगळीच्या नखाएवढं. पिवळी रेघ अर्धी नटासोबत गेली होती आणि अर्धी बोल्टवर शिल्लक होती. मास्तर किती तरी वेळ तसेच पडून ते बघत राहिले. आणखी दोन वळणं? चार? की दवाखान्याच्या दारातला हा गतिरोधकच पुरे होता?

मग त्यांनी बोल्ट ठोकून आत बसवला, पाकीट फोडलं, जोड चढवला, नवा नट लावला आणि पाना कट्ट वाजेपर्यंत आवळला. सोडून पुन्हा बघितला. पुन्हा बघितला. बाकीचे पाचही बघितले. विटा काढल्या, जॅक काढला. कपडे झाडत उभे राहिले तेव्हा रस्त्यावर त्यांच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. एक बाई पोराला ओढत शाळेत नेत होती, एक म्हातारा दुकानाची फळी उघडत होता.

कुणालाच कळलं नव्हतं. कधी कळणारही नव्हतं.

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. ती स्कूटरला टेकून उभी होती. “चला म्हणालात तर जाऊ,” ती म्हणाली. मास्तर दवाखान्याच्या पायरीवर बसले. पाच मिनिटं बसले असतील. इतकी भीती त्यांना घाटातही वाटली नव्हती. मग उठले आणि आत गेले.

गाल सुजलेला एक गृहस्थ खुर्चीत आ वासून बसला होता. डॉक्टरबाई मास्तरांना बघून मास्क खाली ओढून हसल्या. “मास्तर! तुम्ही इकडे? अहो, काय गाडी केलीत! आज मी जन्मात पहिल्यांदा गाडी चालवली असं वाटलं. पोरगी म्हणते आई, उद्या पुन्हा असंच! तिसऱ्या वळणापासून जरा टकटक येत होती, पण तुम्ही म्हणालाच होतात. म्हटलं मास्तरच घाबरू नका म्हणतायत, तर मग कसली भीती! उलट दाबली थोडी.”

“डॉक्टर,” मास्तर म्हणाले, “मी एक बोल्ट आवळायला विसरलो होतो.”

बाई अजून हसतच होत्या.

“डाव्या चाकाचा. नट रस्त्यात पडला. बोल्ट टोकाला अडकून होता. मी आत्ता बसवला.” आणि बोलायला लागलेच होते म्हणून सगळं बोलले. फोन, चहा, रंगाची डबी, पाकीट. काही वगळलं नाही.

बाईंचं हसू कधी गेलं ते त्यांना कळलं नाही. त्यांनी हातातलं हत्यार ट्रेमध्ये ठेवलं. खुर्चीतल्या गृहस्थाला त्या म्हणाल्या, “तुम्ही दुपारी या. आत्ता माझा हात स्थिर नाही.” तो तोंडातला कापूस सांभाळत निमूट निघून गेला.

“माझी मुलगी शेजारी बसली होती,” बाई म्हणाल्या.

“माहीत आहे.”

“अकरा वर्षांची आहे ती.”

“माहीत आहे मला, डॉक्टर.”

मग बाई अचानक भडकल्या. “मग मला सांगितलंत कशाला? बसवलात ना बोल्ट? गुपचूप जायचं होतं! मला कधी कळलंही नसतं!”

मास्तरांनी मान खाली घातली. “नसतं सांगितलं, तर तुम्ही पुन्हा माझ्याकडेच गाडी आणली असती,” ते म्हणाले.

बाई खिडकीपाशी जाऊन खाली गाडीकडे आणि स्कूटरपाशी थांबलेल्या मास्तरीणबाईंकडे बघत उभ्या राहिल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, “संध्याकाळी घरी जायचंय. दुसरा रस्ता नाही. मुलगी तुमच्या मिसेसच्या मागे स्कूटरवर बसेल. तुम्ही तिच्या जागेवर बसायचं.”

दिवसभर नवरा-बायको दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले. कचेरीत बायकोची रजा लागली आणि गॅरेज उघडंच राहिलं. संध्याकाळी शाळा सुटली. पोरीला स्कूटरवर बसायला मिळतंय म्हणून कोण आनंद! मास्तर हिरव्या गाडीत वाकून शिरले. सीट इतकी खाली की रस्ता कमरेला लागतोय असं वाटलं. दप्तर त्यांच्या मांडीवर ठेवलेलं होतं.

पहिल्या वळणाला बाईंनी ब्रेक मारला. वळण अजून लांब होतं. गाडी तीसवर आली, मग पंचवीसवर. वळण गेलं. पुढच्यालाही तसंच. स्टीअरिंगवर बाईंची बोटं पांढरी पडली होती. मागे एक ट्रक चिकटला आणि भोंग्यावर भोंगा देऊ लागला. समोरची स्कूटर वळणामागे दिसेनाशी झाली, पुन्हा दिसली, आणि पोरगी मागे वळून दोन्ही हातांनी ‘या, या’ करत होती. मास्तरीणबाई अशा झोकात वळत होत्या की काही विचारू नका.

मास्तर कान टवकारून खालचा आवाज ऐकत होते. टकटक नव्हती. बुश नीट बसले होते, डावं चाक रस्ता सोडत नव्हतं, गाडी जराही न कलता वळत होती. काम उत्तम झालं होतं. त्यांना ते बुडाखालून कळत होतं.

“डॉक्टर,” ते शेवटी म्हणाले, “जरा दाबा. गाडी धरतेय. खरं सांगतो, काही होणार नाही.”

“कळतंय मला,” बाई म्हणाल्या. “पाय दबत नाहीये.”

ट्रक संधी साधून बाजूनं निघून गेला. त्याच्या ड्रायव्हरनं खिडकीतून वाकून या गाडीकडे आणि या बाईकडे बघितलं आणि हसला. बाईंच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला त्या हात काढू शकत नव्हत्या.

“मास्तर, तुम्हाला नेहमी असंच होतं का?”

“रोज.”

“आणि तरी कामाला जाता?”

“जातो की.”

“कसे जाता?”

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. सगळे हसायचेच. “घाबरतच जातो,” मास्तर म्हणाले.

बाईंनी मान हलवली. पुढचं वळण दिसायला लागलं होतं. त्यांनी गाडी पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये घातली.